परदेशात एक सेमिस्टर: ताडोब्याच्या शेजाऱ्यानं काय शिकायचं?

मी चिमूरहून बोलतोय. ‘पर्यावरण शिकायला परदेशात कशाला जायचं? आपल्या दारात ताडोबा आहे की!’ हे मला बरेच जण ऐकवतात. मी एक सेमिस्टर स्वीडनमध्ये शिकून आलोय. तर आज एकाच उदाहरणातून उत्तर देतो.

आपल्याकडे वाघानं बैल मारला की काय करतात? वनरक्षकाला कळवायचं, मेलेलं जनावर हलवायचं नाही, पंचनामा होतो, मग भरपाई. म्हणजे पैसा जनावर मेल्यावरच येतो. आणि जनावर सापडलंच नाही तर? दावा सिद्ध करणं अवघड.

आता उत्तर स्वीडनला चला. तिथले सामी लोक रेनडिअरचे कळप पाळतात. हे हरणाच्या कुळातलं जनावर रानात मोकळं चरतं आणि लिंक्स नावाचं मोठं रानमांजर किंवा वॉल्व्हरिन त्याला मारतात. पूर्वी तिथंही मेलेलं जनावर दाखवावं लागायचं. पण एवढ्या मोठ्या रानात ते सापडणार कसं? म्हणून 1996 मध्ये हिशोबच बदलला. गटाच्या चराईच्या भागात किती शिकारी माद्यांना पिल्लं झाली, ते मोजायचं आणि त्यावर पैसे द्यायचे. एका विणीमागे 2 लाख स्वीडिश क्रोना असा दर ठरला. पैसा गटाला मिळतो, वाटप गट ठरवतो. यात गंमत अशी, की रेनडिअर वाचवले तरी पैसा कमी होत नाही. आणि शिकारी प्राणी जगला तर गटाचाच फायदा.

मग हेच चिमूरला आणायचं का? जसंच्या तसं नाही. लिंक्स माणसं मारत नाही. आपल्याकडे तेंदूपत्ता, मोहफुलं वेचायला गेलेला माणूसच परत येत नाही, त्याचा हिशोब कुठल्याच दरात बसत नाही. आणि पैसे पुरत नाहीत, ही तक्रार सामी पशुपालकांचीही आहे. पण ‘मेलेलं मोजायचं की जगलेलं?’ हा प्रश्न मला तिथं गेल्यावर सुचला. सेमिस्टरची खरी कमाई ती.

जायचं असेल तर आधी तुमच्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार आहे का, ते विचारा. करारातून गेलात तर सहसा तिकडची फी लागत नाही; राहणं, प्रवास, विमा मात्र आपला. करार नसेल तर युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये 2011 पासून फी आहे. पूर्ण सेमिस्टर 30 क्रेडिटचं असतं. ती क्रेडिट इकडे धरणार का, हे जाण्याआधी लेखी घ्या.

आणि एक काम आजच करा. आपल्या गावात वर्षभरात किती ढोरं गेली, पंचनामा कधी झाला, पैसे कधी आले, हे वहीत लिहा. तिकडच्या वर्गात ‘तुमच्याकडे काय करतात?’ असं विचारतातच. तेव्हा ती वही कामी येते.

भेटू पुढच्या भागात!