‘प्लिकारे’ : घडी घालण्यापासून पोहोचण्यापर्यंत

पोर्तुगीज ‘शेगार’, गॅलिशियन ‘चेगार’ व स्पॅनिश ‘ल्येगार’ ही तीनही क्रियापदे ‘येऊन पोहोचणे’ या अर्थाची असून त्यांचे मूळ ‘घडी घालणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘प्लिकारे’ या एकाच क्रियापदात आहे. ध्वनीच्या बाजूने येथे वादास फारशी जागा नाही. शब्दारंभीच्या ‘प्ल्’चा पश्चिमेकडे ‘च्’ झाला, तर कॅस्टिलमध्ये तालव्य ‘ल्य्’ झाला. ‘भरलेला’ या अर्थाचा ‘प्लेनुस्’ गॅलिशियनमध्ये ‘चेओ’ व स्पॅनिशमध्ये ‘ल्येनो’ होतो, तो याच नियमाने. ऱ्हस्व इकाराचा एकार आणि स्वरमध्यस्थ ककाराचा गकार हेही अपेक्षितच होत. प्रमाण पोर्तुगीजमध्ये ‘च्’चा पुढे ‘श्’ झाला. लेखनात मात्र जुनी खूण राहिली आहे.

अडचण आहे ती अर्थाची. बंदरात शिरताना खलाशी शिडांची घडी घालीत, म्हणून ‘घडी घालणे’ म्हणजे ‘पोहोचणे’, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. याच मुळापासून आलेल्या रुमानियन ‘प्लेका’चा अर्थ नेमका उलट, म्हणजे ‘निघणे’ असा आहे. तेथे सैनिकांच्या तंबूंचा दाखला देतात. गाशा गुंडाळणारा निघूनच जातो हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकास ही कल्पना चटकन पटेल. पण शिडे आवरण्यासाठी अभिजात लॅटिनमध्ये रूढ असलेली क्रियापदे ‘लेगेरे’ व ‘कोन्त्राहेरे’ ही होत, ‘प्लिकारे’ नव्हे. त्याच लॅटिनमध्ये जहाज किनाऱ्यास लावणे यासाठी ‘अप्प्लिकारे’ हे सोपसर्ग रूप मात्र चांगलेच प्रचलित होते, आणि त्यात घडीचा नव्हे, तर जवळ आणून भिडविण्याचा भाव आहे.

या संदर्भात एगेरिया या यात्रेकरू स्त्रीचे प्रवासवृत्त विशेष मोलाचे आहे. तिची पूर्वेकडील यात्रा सामान्यतः इ. स. 381 ते 384 या काळात धरली जाते, आणि ती गॅलिशियाच्या बाजूची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. अरेझ्झो येथे 1884 मध्ये गामुर्रिनी यांस सापडलेल्या या वृत्तात ‘प्लिकारे’ हे उपसर्गाविनाच ‘जवळ जाणे’ या अर्थी येते, आणि तेही भूमार्गाने चाललेल्या प्रवाशांविषयी. म्हणजे चौथ्या शतकाच्या अखेरीस या अर्थाला शिडाची गरज उरलेली नव्हती.

रुमानियन ‘प्लेका’चा प्रश्न याने सुटत नाही. त्या भाषेत ‘वाकणे, झुकणे’ हा जुना अर्थ अद्याप जिवंत असल्याने तिची वाट निराळी मानणेच इष्ट होय.