दादीचे वय आणि मृत्यूची रेषा

माझी दादी वारली तेव्हा दाखल्यासाठी तिचे वय सांगायची वेळ आली. तिच्या जन्माची खूण एवढीच होती, की त्या वर्षी गावची विहीर आटली होती. ते वर्ष कोणते, कुणालाच ठाऊक नव्हते. अब्बा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लिहा ऐंशी."

घरोघरी असेच होत आले. म्हणून आपल्या जनगणनेत ६०, ६५, ७० अशा वयांवर माणसांची गर्दी दिसते आणि ५९, ६१ ही वये ओस पडतात. मृत्युदर म्हणजे एका वयाच्या हजार माणसांमागे वर्षभरात किती गेली, तो आकडा. नोंदीच अशा असल्या की या दराची रेषा खाचखळग्यांच्या रस्त्यासारखी होते. लहान गावात तर एका मृत्यूनेही आकडा उडी मारतो. पण साठी ओलांडली म्हणून माणूस काही एकाएकी सुरक्षित होत नाही. विम्याचा हप्ता किंवा निवृत्तिवेतनाची तरतूद ठरवणाऱ्यांना हे खळगे बुजवावेच लागतात.

मी बी.ए. झालेला कवी. गणिताशी माझे सख्य बेताचेच. पण ही कारागिरी समजून घ्यावीशी वाटली.

पहिली रीत सूत्राची. १८२५ साली इंग्लंडमध्ये बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी दाखवले, की प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक पटीने वाढतो. आज अनेक समाजांत तो साधारण आठ वर्षांनी दुप्पट होतो. सूत्र सुटसुटीत आहे, पण तान्ह्या मुलांचे आणि अपघातात जाणाऱ्या तरुणांचे मृत्यू त्यात बसत नाहीत.

दुसरी रीत तडजोडीची. १९२३ साली व्हिटेकर या गणितज्ञाने दोन अटी घातल्या. रेषा नोंदींपासून फार दूर जाऊ नये आणि फार वेडीवाकडीही असू नये. कोणत्या अटीला किती वजन द्यायचे, ते माणसाने ठरवायचे.

तिसरी रीत अलीकडची, यंत्राला शिकवण्याची. त्याला सूत्र देत नाहीत. वय, साल, देश, स्त्री की पुरुष, अशा लाखो नोंदी देतात आणि त्यातून ते स्वतः रेषा शोधते. मग शेवटची काही वर्षे झाकून ठेवून त्याची परीक्षा घेतात. गुंतागुंतीचे नाते ते छान पकडते. पण नोंदी थोड्या असल्या, तर घोकंपट्टी करणाऱ्या मुलासारखे चुकाही पाठ करते. शिवाय असे उत्तर का आले, हे ते नीट सांगत नाही.

यात श्रेष्ठ कोण? सर्वत्र जिंकणारी रीत नाही. आणि यंत्र शिकते ते ज्यांच्या नोंदी नीट आहेत त्यांच्याकडून. या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मृत्युनोंदींच्या मोठ्या संग्रहात सुमारे ४० देश आहेत. त्यात भारत नाही. म्हणजे माझी दादी तिथे नाही.

आणखी एक धोका सगळ्याच रीतींना आहे. प्रत्येक उंचवटा खोटा नसतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने इतकी माणसे नेली, की १९११ ते १९२१ या काळात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. २०२० आणि २०२१ चा कोरोनाचा उंचवटाही खराच. तो खळगा समजून सपाट केला, तर गेलेली माणसे कागदावरूनही जातील.

गझल लिहिताना मात्रा जुळवायला शब्द बदलावा लागतो. पण बदलता बदलता अर्थच निघून गेला, तर जुळलेली मात्रा काय कामाची? दादीचे ऐंशी हा नोंदीतला खोटा उंचवटा होता, तो जरूर घासून काढावा. तिचे जाणे मात्र खरे होते. हा फरक यंत्राला कळण्याआधी आपल्याला कळायला हवा. आणि त्यासाठी घरातल्या जन्माची, मृत्यूची तारीख वेळेवर नोंदवणे, एवढे तर आपल्या हाती आहेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)