अमूर्ताकडून वस्तूकडे : नागावचे बरवे आणि न्यूयॉर्कचे गस्टन

माणगावहून कोलाड-रोह्यामार्गे साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा, चौल आणि मग नागाव येते. सुट्टीच्या दिवशी इथे पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. प्रभाकर बरवे १९३६ साली याच गावात जन्मले, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक असेल? आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेला हा फार मोठा चित्रकार.

आधुनिक चित्रकलेचा प्रवास आपण सहसा एकाच दिशेने सांगतो : आधी माणसे, झाडे, घरे आणि शेवटी अमूर्त. वासुदेव गायतोंडे याच वाटेने गेले. त्यांचा अधिकार एवढा मोठा, की अमूर्त म्हणजे वरची पायरी आणि तिथून वस्तूंकडे वळणारा चित्रकार म्हणजे खाली उतरलेला, असा समज आपल्याकडे रुजला. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो.

अमेरिकेत फिलिप गस्टन यांना याच समजाचा मार खावा लागला. १९३० च्या दशकात ते भित्तिचित्रे काढत होते. वंशद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनचे बुरखेधारी त्यांच्या तेव्हाच्या चित्रांत आहेत. पुढे १९५० च्या दशकात जॅक्सन पोलॉक, विलेम डी कूनिंग यांच्या बरोबरीने अमूर्त चित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले. मग व्हिएतनामचे युद्ध आले, १९६८ साली शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी निदर्शकांना झोडपले. बाहेर हे चाललेले असताना स्टुडिओत बसून लाल रंग निळ्याशी जुळवत राहणे गस्टनना असह्य झाले. त्यांनी छोट्या फळ्यांवर एकेक वस्तू रंगवायला घेतली. बूट, पुस्तक, दिव्याचा बल्ब, घड्याळ. पाठोपाठ ते जुने बुरखेधारीही परतले.

ऑक्टोबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत ही चित्रे लागली आणि कलाजगत खवळले. समीक्षक हिल्टन क्रेमर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांची सालटी काढली. संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांच्याशी असलेली जिवलग मैत्री तुटली. डी कूनिंग मात्र पाठीशी उभे राहिले. या चित्रांचा खरा विषय स्वातंत्र्य आहे, हे त्यांनी ओळखले होते.

बरव्यांच्या वळणावर असा गदारोळ झाला नाही, पण ते तितकेच मूलगामी होते. सासवण्याचे शिल्पकार वि. पां. करमरकर त्यांच्या नात्यातले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९५४ ते १९५९ शिकून बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले आणि वाराणसीला गेले. तिथे तंत्रसाधनेतल्या अमूर्त आकृत्या, चिन्हे, भूमिती त्यांच्या चित्रांत शिरली. तो काळ तांत्रिक प्रतिमांचे देशभर आकर्षण असण्याचा होता. त्या वाटेवर बरवे आयुष्यभर सुखाने चालू शकले असते. सत्तरच्या दशकात ते तिथून बाजूला झाले. पान, ढग, किल्ली, घड्याळ, टाचणी, फळ अशा साध्या वस्तू कॅनव्हासवर येऊ लागल्या.

त्यांचा रंग जवळून पाहावा. माणगावच्या बाजारपेठेत दारे-खिडक्यांसाठी डब्यात मिळतो त्या जातीचा हा एनॅमल. तो सपाट बसतो, कुंचल्याचे फटकारे त्यात विरून जातात, कडा धारदार राहतात. अशा पृष्ठभागावर बरव्यांचे पान फांदीवाचून तरंगते. त्याची सावली प्रकाशाचे नियम पाळेलच असे नाही. एका वस्तूची बाह्यरेषा पुढे जाऊन दुसरीच वस्तू होते. आणि भोवती मोकळी जागा, भरपूर मोकळी जागा. नजर आधी वस्तूवर जाते, पण रेंगाळते त्या रिकामपणात.

इथे अमूर्ताची शिकवण कामी आलेली दिसते. गस्टन यांच्या बुटांना १९५० च्या दशकातल्या अमूर्त चित्रांचाच गुलाबी रंग आणि तोच जाड थर आहे. बरव्यांच्या पानाभोवतीचा अवकाश, अमूर्ताचा अभ्यास नसता तर, नुसती पार्श्वभूमी ठरला असता. दोघांत फरकही मोठा आहे. गस्टन यांच्या वस्तू जड, ओबडधोबड, अपराधाच्या ओझ्याखाली दबलेल्या. बरव्यांच्या वस्तूंना वजनच नाही. एकाला संतापाने वस्तूंकडे ढकलले, दुसऱ्याला चिंतनाने. मला स्वतःला बरव्यांची वाट अधिक अवघड वाटते, कारण तिला बाहेरच्या कुठल्याही घटनेचा आधार नव्हता.

हे चिंतन त्यांनी वर्षानुवर्षे डायऱ्यांत लिहिले, आणि ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात मराठी वाचकासाठी मांडले. चित्रकाराने स्वतःच्या भाषेत स्वतःच्या कामाचा इतका नेमका विचार केलेला क्वचितच आढळतो. शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. ६ डिसेंबर १९९५ रोजी बरवे गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले, तेव्हा डायऱ्यांची पानेही चित्रांबरोबर पाहायला मिळाली.

आपल्या तालुक्यातली मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसतात. समोर मांडलेली भांडी आणि फळे हुबेहूब काढायचा सराव करतात. चित्रकलेच्या शिक्षकांना एवढेच सांगणे आहे : शाळेच्या ग्रंथालयात ‘कोरा कॅनव्हास’ची एक प्रत ठेवा, आणि वस्तुचित्राच्या तासाला त्यातले एखादे पान मुलांना वाचून दाखवा.