प्लेगचा चित्रपट आणि न दिसणारा खलनायक

साथीच्या रोगावर चित्रपट काढणे हा मोठा बिकट व्यवहार आहे. दरोडेखोराला मिशा लावता येतात, भुतालासुद्धा पांढरे लुगडे नेसवून पडद्यावर उभे करता येते; पण जंतूला कोणता पोशाख चढवणार? त्यातून निर्मात्याच्या खिशात दमड्या मोजक्याच असल्या, म्हणजे तर बघायलाच नको.

अमेरिकेतल्या एका मंडळीने १९५० साली यावर नामी क्लृप्ती काढली होती. १९४७ मध्ये न्यूयॉर्क शहरात देवीची साथ शिरली आणि थोड्याच आठवड्यांत लाखो नागरिकांनी रांगा लावून लस टोचून घेतली, ही खरी हकीकत. तिच्यावरून बेतलेल्या ‘द किलर दॅट स्टॉक्ड न्यूयॉर्क’ या बेताच्या खर्चाच्या चित्रपटात देवीचा जंतू एका हिरे चोरून आणणाऱ्या बाईच्या अंगात घातला. मग काय, हिऱ्यांसाठी पोलीस तिच्या मागे आणि देवीसाठी डॉक्टर तिच्या मागे! युक्ती स्वस्तातली खरी, पण प्रेक्षक खुर्चीला खिळतो.

आपल्या मराठीत या जातीचा चित्रपट कोणता, असे कोणी विचारले तर मी ‘२२ जून १८९७’चे नाव घेतो. १९७९ चा हा चित्रपट नचिकेत आणि जयू पटवर्धन या पुण्याच्या दांपत्याचा. दोघेही व्यवसायाने वास्तुशिल्पी, आणि हा त्यांचा पहिलाच प्रयत्न. परवा तो आम्ही टेंभी नाक्यावरच्या घरात सहकुटुंब पुन्हा पाहिला.

त्याचे बळ कशात आहे म्हणाल, तर घरांत! वास्तुशिल्पींनाच कळावे असे वाडे त्यांनी दाखवले आहेत: अंधारे जिने, ओसरी, देवघर, माजघराचा उंबरठा. पुण्यात १८९७ च्या मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या, तो जुलूम कळायला हजारोंचा जमाव लागत नाही. बूट घातलेला एक पाय माजघरात पडला की पुरे. पैशाची चणचण इथे पथ्यावरच पडली आहे. कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक या चित्रपटाला मिळाले, ते उगीच नव्हे. लोकमान्यांच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर आहेत. ‘अर्धसत्य’ (१९८३) मधला रामा शेट्टी ज्यांच्या डोक्यात बसला आहे, त्यांना पहिली पाच मिनिटे जरा चुकल्यासारखे होईल.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. शेवट काय होणार हे इथे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे. तारीख तर शीर्षकातच छापलेली! राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीतल्या सरकारी बंगल्यात त्या रात्री समारंभ होता. (आज त्याच इमारतीत पुणे विद्यापीठ आहे.) तिथून परतताना रँडवर दामोदरपंत चाफेकरांनी आणि आयर्स्टवर बाळकृष्णपंतांनी गोळी झाडली. आयर्स्ट तेव्हाच गेला, रँड ३ जुलैला. हे सारे शाळेत पाठ केलेले, तरी त्या काळोख्या रस्त्यावर गाडीची वाट पाहताना छाती धडधडते. आणि चाफेकरांना देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह दिग्दर्शकांनी टाळला आहे. त्यांचा कर्मठपणाही झाकलेला नाही.

मग उणे कुठे? आमच्या बारा वर्षांच्या नातवाने नेमके बोट ठेवले. “आजोबा, प्लेग कुठे गेला?”

खरेच, कुठे गेला? कट शिजू लागतो, पुढे खटला येतो, फाशीचे तख्त येते, आणि ज्याच्यापायी हे सगळे घडले तो रोग मधेच विंगेत निघून जातो. जंतूला चेहरा नाही म्हणून तो रँडला दिला गेला. नाट्याच्या दृष्टीने हे सोयीचे, पण अर्धेच खरे. प्लेग पिसवेमुळे पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. म्हणजे सोजीर माजघरे उपसत होते तेव्हा खरा गुन्हेगार उंदराच्या अंगावरून आरामात फिरत होता, आणि त्याचा पत्ता ना रँडला, ना चाफेकरांना! या विलक्षण विसंगतीवर एखादा कसबी पटकथाकार केवढा प्रसंग रचू शकला असता! याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. ते पुणे या चित्रपटात दिसत नाही.

आणि घरातली भीती? त्या काळी लोक सोजिरांच्या धास्तीने आजारी माणूस लपवून ठेवीत. लपवणाऱ्या घरात सासू सुनेच्या काखेतली गाठ कोणत्या नजरेने चाचपत असेल? शेजारीण ताकाचे भांडे परत घेत असेल का? १९७९ साली हे कोणाला सुचले नसेल तर नवल नाही. पण २०२० च्या एप्रिलात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले होते. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना न्यायला गाडी आली, तेव्हा त्यांची पिशवी उचलायला कोणी खाली उतरले नाही. चौदा दिवसांनी ते धडधाकट परतले, तरी त्यांच्या दारातली दुधाची पिशवी कितीतरी दिवस काठीने सरकवली जात होती. तो अंमलही १८९७ च्या साथरोग कायद्याखालीच चालला होता. त्या काठीचा प्रसंग काढायला किती खर्च येतो? काठी, पिशवी आणि एक दार!

आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळे. “सगळेच एका चित्रपटात घालायचे तर तुम्ही पाहणार कधी आणि जेवणार कधी?” त्यांना फाशीच्या आदल्या प्रसंगांतली चाफेकरांच्या घरच्या बायकांची मुकी तगमग पुरेशी वाटली. सूनबाईंनी मात्र नातवाची बाजू घेतली, आणि वाद पानावर बसेपर्यंत चालला.

तरीही मिळाला तर हा चित्रपट अवश्य पाहा. गाणीबजावणी नाही, विनोदी पात्र नाही, चाल संथ आहे. अगदी लहानांना मात्र आधी झोपवा. शेवटची फाशी त्यांच्या डोळ्यांसाठी नाही.