ठिसूळ हाडांचा उपजत विकार

आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. एकाच वर्षात तो तिसऱ्यांदा हाताला प्लास्टर घालून आला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुजबूज सुरू झाली की, बाप मारीत असावा. मीही त्याच्या वडिलांना बोलावून जरा कडकपणेच विचारले. ते गृहस्थ काही न बोलता खाली मान घालून उभे राहिले. पुढे निदान झाले आणि माझेच शब्द मला बोचू लागले. ट्रस्टच्या कुटुंबांना या विकाराची माहिती असावी, म्हणून हे लिहीत आहे.

त्याचे वैद्यकीय नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे हाडांची सदोष घडण. साधारणतः 15 ते 20 हजार जन्मांत एका बालकाला तो असतो. स्वीडनमध्ये एकमान यांनी 1788 सालीच एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अशा ठिसूळपणाचे वर्णन लिहून ठेवले होते.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. मातीची भिंत घालताना चिखलात गवत मिसळून तुडवितात. ते नसेल तर भिंत वाळल्यावर तडकते. हाडातील गवत म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. ते तीन पेडांच्या वेणीसारखे असते. पेड कसा बनवावा याचा एक आराखडा आपल्याला आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. बहुतेक रुग्णांत यांपैकी एक बिघडलेला असतो. तो मुकाच राहिला, तर वेण्या कमी पण चोख होतात व विकार सौम्य राहतो. मात्र तो सदोष पेड बनवू लागला, तर तो चांगल्या पेडांत गुंफला जाऊन पुष्कळ वेण्या नासवितो. थोडे पण चोख हेच येथे बरे! कमतरता मातीची नसल्यामुळे केवळ दुधाने किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा विकार जात नाही.

पुष्कळांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, कारण ते आवरण पातळ होऊन आतला गडद थर झळकतो. काहींचे दात ठिसूळ असतात, काहींना मोठेपणी ऐकू कमी येते. बुद्धीला मात्र यत्किंचितही धक्का नसतो.

आई किंवा वडील यांपैकी एकाला हा नेहमीचा प्रकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. कित्येकदा घराण्यात कोणालाही नसता तो नव्यानेच उद्भवतो. तेथे आईच्या डोहाळ्यांना किंवा ग्रहणाला दोष देणे हा निव्वळ अन्याय होय. काही विरळ प्रकार मात्र दोन्हीकडून सदोष आराखडा आला तरच होतात, आणि नात्यातील लग्नांत त्यांचा संभव वाढतो. आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात, इतर अनेक घरांत मामाच्या मुलीशी होतात; तेव्हा सोयरीक ठरविण्यापूर्वी दोन्ही घरांनी हे मोकळेपणी बोलावे.

अशा बाळाला काखेत धरून उचलू नये. एक हात पाठी-मानेखाली व एक कुल्ल्यांखाली घालावा. दुपटे बदलताना पाय धरून वर ओढू नयेत. न्हाऊ घालणाऱ्या बाईने मालिश करताना हातपाय आडवेतिडवे ताणणे तर कटाक्षाने टाळावे.

मुळावर इलाज अद्याप नाही. परंतु 1998 साली माँट्रिअलच्या डॉ. ग्लोरिओ यांनी पॅमिड्रोनेट शिरेतून दिल्यावर मुलांच्या हाडांची घनता वाढते, असे दाखविले. त्या वर्गातील औषधे आज सर्रास वापरतात. वाकलेल्या लांब हाडांत सळई घालतात. काही सळया मुलाच्या उंचीबरोबर लांबतात. फार दिवस निजवून ठेवले की हाडे आणखी दुबळी होतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हालचाल, विशेषतः पाण्यातला व्यायाम, हवाच.

त्या मुलाचा वर्ग आम्ही तळमजल्यावर आणला, आणि घंटेपूर्वी पाच मिनिटे त्याला सोडू लागलो. दप्तर कोणी उचलायचे यावरून वर्गात भांडणे होत. त्याच्या वडिलांची मी घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिल्याशिवाय मला उठू दिले नाही.