नाट्यविद्यालयाची प्रवेशचाचणी



बारावीची गुणपत्रिका हातीं आली कीं, तिच्यावरील आंकड्यांवरून मुलाची पुढची वाट ठरवावयाची, हा आपल्या घरांतील रिवाज आहे. नाटक, संगीत, चित्रकला यांचें शिक्षण देणाऱ्या संस्थांत तो चालत नाहीं. तेथें गुणपत्रिका नुसती दारापर्यंत नेते. आंत घ्यावयाचें कीं नाहीं, हें मुलानें प्रत्यक्ष कांहीं करून दाखविल्यावरच ठरतें. नटाच्या बाबतींत या परीक्षेला आतां सर्रास ऑडिशन म्हणतात. तिच्याविषयीं आज बोलतांना माझ्या डोळ्यांपुढें शहरांतला मुलगा नाहीं. कोंकण रेल्वेनें मुंबईहून जातांना कणकवलीच्या अलीकडे नांदगांवचें स्थानक लागतें. त्या बाजूचा, दशावतारांत काम करणारा एखादा मुलगा आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचें मूळ गांव तिकडेच असतें, आणि असा पुतण्या-भाचा चाचणीकरितां मुंबईस येतो तेव्हां तो उतरतो आपल्याच घरीं.

दशावताराला लिखित संहिता नसते. जत्रेच्या रात्रीं देवळापुढें गणपति, संकासुर इत्यादिकांचा आड दशावतार झाला कीं आख्यान सुरू होतें. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक असतो. बाकी सारें संभाषण पात्रें उभ्या उभ्या रचतात. समोरच्या राक्षसानें अनपेक्षित प्रश्न टाकला, तर राजाला त्याच आवेशांत उत्तर सुचावें लागतें. स्वतःचा रंग स्वतः लावावयाचा, पायपेटी आणि मृदंग यांच्या साथीवर पद म्हणावयाचें आणि पहांटेपर्यंत आवाज टिकवावयाचा. हें सारें तो मुलगा शिकतो तें कोणत्याहि वर्गांत बसून नव्हे.

अशा मुलाला रीतसर शिकावेंसें वाटलें, तर वाटा आहेत. पुणें विद्यापीठांत १९८७ सालीं स्थापन झालेलें ललित कला केंद्र बारावीनंतर नाट्याची पदवी देतें. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्‌सची अकादमी २००३ सालीं निघाली; तिचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्यविद्यालय १९५९ सालचें. तेथें तीन वर्षांचा अभ्यास असतो व विद्यार्थ्यांस मासिक शिष्यवृत्ति मिळते. सबंध देश आणि जागा तीसेक, तेव्हां गर्दी किती होत असेल तें सांगावयास नको. अर्जदार पदवीधर असावा, त्यानें निदान सहा नाटकांत काम केलेलें असावें आणि त्याला हिंदी व इंग्रजी या भाषांची कामापुरती ओळख असावी, अशा तेथील अटी आहेत. पहिली चाचणी निरनिराळ्या शहरांतून होते. तींतून निवडलेल्यांना दिल्लीस बोलावून कांहीं दिवस कार्यशाळेंत पारखतात.

या पहिल्या चाचणींत नाटकांतले उतारे पाठ करून म्हणावे लागतात. बहुधा एक जुन्या अभिजात नाटकांतला आणि एक आधुनिक. येथेंच आमच्या दशावतारी मुलाची गाडी अडते. शब्दांची त्याच्याकडे वाण नाहीं, पण दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उच्चारण्याची त्याला संवय नसते. एखादें वाक्य विसरलें कीं तो थांबत नाहीं. त्या जागीं स्वतःचें, पुष्कळदां अधिक जोरकस, वाक्य घालून पुढें जातो. रंगभूमीवर हा गुण आहे. हातांत छापील प्रत घेऊन बसलेल्या परीक्षकाला मात्र त्यांत पाठांतराचा हयगयीपणा दिसतो. दुसरी अडचण आवाजाची. देवळाच्या पटांगणांत शेवटच्या माणसापर्यंत पोहोंचविण्याचा आवाज दहा हातांवर बसलेल्या चौघांवर सोडला, तर ते बिचारे खुर्चींत मागें सरकतात.

पण चाचणी तेवढ्यावर संपत नाहीं. परीक्षक मध्येंच थांबवून म्हणतात, ‘हेंच भाषण आतां बसून म्हणा’; किंवा, ‘शेजारच्या खोलींत तुमची आई आजारी निजली आहे असें समजून म्हणा.’ शिकवणीच्या वर्गांत हातवाऱ्यांसकट उतारा घोटून आलेला शहरांतला मुलगा या ठिकाणीं गडबडतो. घोटलेल्या वळणापलीकडे त्याला कांहीं ठाऊक नसतें. आमचा मुलगा येथें आपल्या घरीं असतो. रोज रात्रीं नवा प्रश्न झेलण्याचीच त्याला संवय! दुःख एवढेंच कीं, पहिल्या तीन मिनिटांतच त्याच्याविषयींचें मत बिघडलें, तर या दुसऱ्या भागाची पाळीच यावयाची नाहीं.

म्हणून तयारी करावयाची ती त्या तीन मिनिटांची. उतारा निवडण्यापूर्वीं सबंध नाटक वाचावें. तें न वाचतां नुसतें भाषण उचललेलें दोन प्रश्नांत उघडें पडतें. आपल्या मुलखाशीं नातें सांगणारें नाटक हवें असल्यास चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडचेच, त्यांचें ‘एक शून्य बाजीराव’ अवघड खरें, परंतु नटाला त्यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. ‘वस्त्रहरणा’चा मोह मात्र टाळावा असें माझें मत आहे. मालवणी बोलीला माझी हरकत नाहीं. पण तात्या सरपंच म्हटला कीं मच्छिंद्र कांबळी आठवतात आणि बिचारा उमेदवार त्या आठवणीखालीं दडपून जातो. उतारा स्वतःच्या हातानें लिहून काढावा, मग कोणाच्या तरी हातीं पुस्तक देऊन म्हणावा आणि बदललेला प्रत्येक शब्द त्याला मोजावयास लावावा. पहिल्या दिवशीं वीस निघाले तर घाबरूं नये.

चित्रकलेकडे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तेथें राज्याच्या प्रवेशपरीक्षेंत वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र परीक्षागृहांतच काढावें लागतें. जेथें चित्रांचा संच मागतात, तेथें कॅलेंडरावरून उतरविलेल्या देवादिकांपेक्षां बाजारांत, होडीवर, स्वयंपाकघरांत बसून झरझर काढलेलीं रेखाटनें पुढें ठेवावीं. सावंतवाडींत १८८२ सालीं जन्मलेले सांवळाराम हळदणकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून किती मोठे झाले, हें सर्वांस ठाऊक आहे.

आतां एक कागदोपत्री अडचण. सहा नाटकांची अट ज्यानें शंभर रात्री काम केलें आहे त्यालाच जड जाते, कारण त्याचें नांव कोठें छापलेलें नसतें. जत्रेच्या हस्तपत्रिका जपून ठेवाव्या, मंडळाच्या मालकाकडून आख्यानवार दाखला घ्यावा आणि निरनिराळीं आख्यानें निरनिराळीं नाटकें म्हणून धरतात कीं नाहीं, हें विद्यालयास अर्जापूर्वीं लेखी विचारावें.

मंडळांतील वडीलधाऱ्यांना भय वाटतें कीं, दिल्लीस गेलेला मुलगा परत येईल तो दशावताराला हंसत. हें भय अगदींच निराधार नाहीं. शिवाय तीन वर्षांत तीन हंगाम जातात, आणि त्याची राजाची भूमिका तोंवर दुसऱ्याच्या अंगाला बसलेली असते. शिष्यवृत्तीच्या आंकड्यांत हा तोटा धरलेला नसतो. मुलानें अर्ज भरण्यापूर्वींच मालकाशीं तें बोलून घ्यावें.

आपल्या घरीं तो उतरला, तर चाचणीच्या आदल्या रात्रीं त्याला मोठ्यानें बोलूं द्यावें, मग तेंच हलक्या आवाजांत म्हणावयास सांगावें. शेजाऱ्यांना आधींच सांगून ठेवलेलें बरें. नाहीं तर राजाचा क्रोध ऐकून कोणी तरी दार ठोठावील.