डबा तोच, आत 11 बर्थ जास्त! सिथौलीच्या स्प्रिंगवरून समजून घेऊ 'मॉड्युलर' डिझाइन

ग्वाल्हेर : 'मॉड्युलर डिझाइन' हा शब्द भारी वाटतो, पण अर्थ सोपा आहे. वस्तू एकसंध न बनवता सुट्या भागांत बनवायची आणि जोडणीची मापं पक्की ठेवायची. गिऱ्हाइकाची मागणी बदलली की तेवढाच भाग बदलायचा.

याचं उदाहरण ग्वाल्हेरला लागूनच आहे. सिथौलीच्या रेल स्प्रिंग कारखान्यात प्रवासी डब्यांच्या स्प्रिंगा बनतात. स्प्रिंग बसते बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, आणि बोगीवर बसतो डबा. आपल्या लातूरच्या कोच कारखान्यात डिसेंबर 2020 मध्ये डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. कारखाने दूरदूर, पण मापं ठरलेली असल्याने भाग बरोबर बसतात.

फायदा कुठे?

एलएचबी जातीच्या थ्री-टियर एसी डब्यात 72 बर्थ असतात. स्वस्त एसीची मागणी होती, म्हणून 2021 मध्ये इकॉनॉमी डबा आला. सुरुवातीला त्यात 83 बर्थ होते. त्यासाठी नवी गाडी घडवावी लागली नाही. आतला विजेचा स्विचगियर डब्याखाली नेला, बर्थची मांडणी बदलली आणि जागा निघाली.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर स्टोअरमध्ये कमी प्रकारचा माल पडून राहतो, म्हणजे भांडवल अडकत नाही. दुरुस्तीची हत्यारंही बरीचशी तीच चालतात.

गाडी अडते कुठे?

सगळा खेळ जोडणीचा आहे. जुन्या आयसीएफ डब्यांना साधारणपणे स्क्रू कपलिंग, तर एलएचबीला सेंटर बफर कपलर. त्यामुळे जुन्या गाडीत दोन-चार नवे डबे सहज लावता येत नाहीत, अख्खी गाडीच बदलावी लागते. 2020 मध्ये बंद पडलेली ग्वाल्हेर–श्योपूर छोटी गाडी आठवा. तिचा रूळ 610 मिलिमीटरचा, ब्रॉडगेज 1676 चा. डबे कितीही चांगले असले तरी नव्या रुळावर निरुपयोगीच.

भाग पुरवणाऱ्यालाही धोका आहेच. नव्या एलएचबी बोगीत वरच्या टप्प्यावर पोलादी स्प्रिंगऐवजी हवेची स्प्रिंग येऊ लागली आहे. डबा तसाच राहतो, पण तिथलं पोलादी स्प्रिंगचं काम जातं.

म्हणून सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी नवं मशीन घेण्याआधी पार्टीला दोन गोष्टी विचाराव्यात : कुठलं माप कायम राहणार आणि कुठला भाग बदलणार?